समासातली दुरुस्ती

प्रिय मास्तर,

तुझं पुडकं परवा दुपारी मिळालं. नेहमीसारखे चिकटपट्टीचे तीन थर. कात्रीने हार मानली तेव्हा मी सुरी घेतली. आत माझा लेख, पार सोलून काढलेला. पहिल्याच पानावर तू लिहिलंयस, 'हे वाक्य एका दमात म्हणून दाखव.' मी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणून पाहिलं. नाही जमलं, दम लागला. केले त्याचे तीन तुकडे. झालं समाधान? तिसऱ्या पानावर 'प्रस्तुत' हा शब्द पाचदा आलाय म्हणून तू पाचही प्रस्तुतांभोवती गोल काढलेस आणि ते बाणांनी जोडून कसलंसं यंत्र उभं केलंस. ते एक पान मी आमच्या भाषाशास्त्र विभागातल्या मुलींना दाखवलं, त्यांची हसून हसून पुरेवाट झाली.

फोन करता आला असता, रोज करतोच की आपण. पण फोनवर तू कसा बोलतोस ते तुला माहीत आहे. हं, जेवलो. हं, थंडी आहे. बरं, ठेवतो. लेक परवा म्हणत होती की बाबाशी बोलताना एखाद्या कचेरीत फोन लावल्यासारखं वाटतं, साहेब कायम मीटिंगमध्ये. म्हणून लिहितेय. घाईत वाचू नकोस. चहा करून घे, तुझ्या क्वार्टरमधलं ते डुगडुगणारं स्टूल सोडून नीट खुर्चीवर बस आणि शेवटपर्यंत वाच. मला एकच गोष्ट मागायची आहे. ती आधीच सांगून टाकते, नाहीतर तू पानं उलटत शोधत बसशील. सोमवारी त्या मुदतवाढीच्या कागदावर सही करू नकोस. ठरलं होतं तसा घरी परत ये. का, ते सांगते, पण जरा वळणं घेत सांगेन. मला सरळ रस्त्याने कुठे जाता येतं?

इकडचं बरं चाललंय. न्हाणीघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय. प्लंबर आला, नळाकडे बघून त्याने एखाद्या वारलेल्या माणसाकडे बघावं तशी मान हलवली आणि उद्या येतो म्हणून गेला तो गेलाच. लेकीने नव्या घरात भिंतीवर फळी ठोकलीय, ती एका बाजूला उतरती आहे आणि पुस्तकं रोज थोडीथोडी डावीकडे सरकतात. मी म्हटलं, कुणाला तरी बोलाव. तर म्हणे बाबा येईल तेव्हा बघेल, तोवर मी रोज सकाळी पुस्तकं उजवीकडे ढकलते. हट्टीपणा कुणाकडून आलाय ते मी बोलत नाही.

विद्यापीठात आमच्या विभागाच्या खालच्या मजल्यावर मटेरियल सायन्सवाल्यांनी नवं मशीन बसवलंय, ते सुरू झालं की माझ्या टेबलावरचा पेला आपोआप चालायला लागतो. पण त्यांच्यातली एक पीएचडी करणारी पोरगी आहे, मला ती फार आवडते. तिने धातूवर लावायचा एक लेप बनवलाय. धातूत आतून चीर पडायला लागली की ती डोळ्यांना दिसायच्या आधीच लेपाचा रंग बदलतो, पांढऱ्याचा जांभळा होतो. दिवसभर ज्याला त्याला ती पट्टी वाकवून दाखवत असते. अजून पक्कं काही नाही, दर चार पट्ट्यांतली एक उगाचच जांभळी होते, त्यामुळे ती रडकुंडीला आलीय. मला दाखवली तेव्हा मी तिला म्हटलं, बाई गं, हा लेप नवऱ्यांना लावायची काहीतरी सोय कर. ती हसली. तिचं लग्न व्हायचंय अजून.

तुला आपलं पहिलं घर आठवतंय? एकच टेबल, त्याच्या एका बाजूला तू आणि दुसऱ्या बाजूला मी, आणि मधे भिंत म्हणून शब्दकोश उभे केलेले. तू प्रबंध लिहीत होतास, लोखंडाचा दांडा लाखो वेळा ताणून सोडला तर शेवटी कुठून तुटतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि तरी तू मलाच वाचायला दिलास. म्हणालास, ज्याला विषय कळतो त्याला चूक दिसत नाही, तो मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. मला ठोंब्या वाचक हवाय. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि हा माणूस तोंडावर ठोंबी म्हणतोय, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या रागात मी तुझ्या प्रबंधाचे असे काही वाभाडे काढले की तू दोन दिवस माझ्याशी अदबीने वागलास. तेव्हापासूनची आपली प्रथा. बाहेर जाणारा प्रत्येक लेख आधी घरच्या ठोंब्याने वाचायचा, कागदावर, पेन्सिलीने. दयामाया करायची नाही. आणि समासात एकदा लिहिलं की ते खोडायचं नाही, वाद घालायचा असेल तर खाली लिहून घालायचा.

त्या प्रबंधातून मी एवढंच शिकले की धातू थकतो. मला वाटलं तू काय सुंदर लिहिलंस. तू म्हणालास, यात सुंदर कसलं, तांत्रिक शब्द आहे तो. मग समजावून सांगितलंस. एका घावाने धातू क्वचितच तुटतो, रोजच्या सोसवेल अशा ओढाताणीने तुटतो, आणि आदल्या दिवसापर्यंत ठणठणीत दिसतो. तू माझ्याकडून काय शिकलास? तर माणसं बोलताना मधे किती वेळ थांबतात ते मोजायला. पुढे सहा महिने मी भांडताना श्वास घ्यायला थांबले की तू घड्याळाकडे बघायचास.

असो. गेल्या आठवड्यात तुझा तो फोन आला. पुलाच्या केबलांची चाचणी लांबलीय, अजून सहा महिने राहावं लागेल, कंपनी मुदतवाढ देतेय. मी 'बरं' म्हटलं. तू मग म्हणालास, बरं म्हणजे? मी म्हटलं, बरं म्हणजे बरं. मला वाटलं, तुला तिकडेच करमायला लागलंय. आता पन्नाशी उलटल्यावर बायकोपेक्षा केबल बरी वाटत असेल, काय सांगावं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी फुगून बसले होते. लेकीचा फोनसुद्धा धड घेतला नाही. आणि तिसऱ्या दिवशी पुडकं आलं.

तेव्हा आता लेखाकडे येते. विषय तुला माहीत आहे, पण मला पुन्हा सांगायचाय, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. इस्पितळातल्या पुरुषांच्या मूत्रविकार विभागाच्या डॉक्टरीणबाई आणि मी, आम्ही वर्षभर रेकॉर्डिंग गोळा केली. पहिल्यांदा तपासून घ्यायला येणारे पुरुष आपलं दुखणं कसं सांगतात. त्यांची परवानगी घेऊन, नावं गाळून. मी कानाला यंत्र लावून बसायची आणि त्यांचे शब्द उतरवायची. काय एकेक नमुने, मास्तर. एक गृहस्थ सगळा वेळ गुडघ्याबद्दल बोलले. डॉक्टरीणबाईंनी गुडघा तपासला, वाकवला, चांगला आहे म्हणाल्या. ते उठले, दारापर्यंत गेले, दाराच्या कडीवर हात ठेवला आणि मग म्हणाले, बाकी एक जरा लघवीचं होतं. एक जण म्हणाला, प्रेशर गेलंय. दुसरा म्हणाला, टाकी पूर्ण रिकामी होत नाही. तिसरा म्हणाला, वॉशर बदलावा लागेल बहुतेक. मी उतरवताना एकटीच हसायची आणि मग मला वाईट वाटायचं, कारण त्या सगळ्यांचा आवाज आतून थरथरत असायचा.

मी लेखात लिहिलं होतं की पुरुष यंत्रांच्या शब्दांआड लपतात. तू समासात लिहिलंस, 'लपत नाहीत. त्यांच्याकडे नेमके शब्द तेवढेच आहेत. दुसरे कुणी त्यांना कधी दिले का?' अख्खा दिवस माझ्या डोक्यात तेच होतं. तो परिच्छेद मी पुन्हा लिहिलाय आणि तुझी सूचना म्हणून तळटीपही टाकलीय. ठोंब्या, तू कधीकधी माझ्या विषयातलं माझ्यापेक्षा बरं बोलतोस. हे वाचून फुशारू नकोस.

आणि मग अकरावं पान. तिथे मी प्रोस्टेटच्या त्या तपासणीचं वर्णन दिलं होतं, डॉक्टरीणबाईंच्या विभागातल्या एका जुन्या पुस्तिकेवरून. रुग्णाला पूर्ण भूल देऊन उताणं झोपवतात आणि सुईने आतले तुकडे काढतात, असं काहीसं. समासात काहीतरी खोडलेलं दिसलं. मी पाहतच राहिले. इतक्या वर्षांत तू समासात खोडरबर लावलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. पण तू पेन्सिल अशी दाबून लिहितोस की शब्द पानाच्या पाठीवर उठतात. मी पान खिडकीच्या काचेला लावलं आणि वाचलं. 'चूक. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. भूल तिथल्यापुरतीच. दर तुकड्याला स्टेपलर मारल्यासारखा आवाज.'

आधी मला वाटलं, कुठेतरी वाचलं असेल. तू औषधाच्या डबीतला कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचतोस. मी नवी पुस्तिका मागवली, आणखी दोन पाहिल्या. कुशीवर झोपवतात हे होतं. भुलेचं होतं. स्टेपलर कुठेच नव्हता.

दुसरा कुणी असता तर चूक तशीच जाऊ दिली असती. कुणाला कळणार होतं? पण तुला चूक बघवत नाही. तुझं गुपित फुटलं तरी बेहत्तर, लेखातला रुग्ण उताणा झोपता कामा नये. नंतर भानावर आलास आणि खोडरबर शोधलंस. मला तू डोळ्यांसमोर दिसलास, त्या क्वार्टरमधे, चष्मा कपाळावर ढकलून घासघास घासताना, आणि मला हसू आलं. हसता हसताच रडू आलं. मग राग आला. इतका राग आला की तू समोर असतास तर पान तुझ्या तोंडावर फेकलं असतं. कुणाला विचारून गेलास तू तिथे? कुणी आणलं तुला परत? रिक्षाने आलास, का नेहमीसारखा हट्टाने चालत? घरी आल्यावर पाणी कुणी दिलं? तू डाव्या कुशीवर पडून ते आवाज मोजत होतास तेव्हा मी बहुधा वर्गात पोरांना क्रियापदं शिकवत होते, आणि कुणी मला सांगितलं नाही.

मग मागचं सगळं आठवायला लागलं. मागच्या खेपेला तू आलास तेव्हा दोन दिवस उशी घेऊन बसायचास, कमरेत उसण भरलीय म्हणालास. मी गरम पाण्याची पिशवी दिली आणि वर टोमणाही मारला की साहेब म्हातारे झाले. स्वतःचे कपडे स्वतः धुतलेस, ते पाहून मी शेजारणीला म्हटलं की परगावी राहून नवरा सुधारला. रात्री बैठकीच्या खोलीत झोपलास, माझी घोरण्याची सवय वाढलीय म्हणे. मी ते मनाला लावून घेतलं होतं, माहीत आहे तुला? डाव्या कुशीवर झोपले की घोरत नाही असं कुणीतरी सांगितलं, तर तशी झोपायला लागले होते.

चौदाव्या पानावर तू काही खोडलं नाहीस. तिथे शस्त्रक्रियेनंतरचा भाग आहे. मी लिहिलं होतं, 'बहुतेक रुग्णांना काही काळ त्रास होतो.' तू विचारलंस, 'बहुतेक म्हणजे किती? काही काळ म्हणजे केव्हापर्यंत?' हे तुझं नेहमीचंच. पण त्याखाली, अगदी कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, 'पूर्वीसारखं होतं का?' एवढंच. ते तीन शब्द वाचल्यावर मला तुझ्या मुदतवाढीचं कारण कळलं. रिपोर्ट आलाय. त्यांनी तुला शस्त्रक्रिया सांगितलीय. आणि तू ती सहा महिने केबलांच्या मागे लपवून ठेवणार आहेस.

काल मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. लेखातले आकडे तपासायचेत म्हटलं, आणि मग विचारलं की एखाद्याला शस्त्रक्रिया सांगितली आणि त्याने सहा महिने ढकलली तर काय होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. कुणाचं आहे, म्हणाल्या. आणि मी, एक वर्ष या विषयाचा अभ्यास केलेली बाई, म्हणाले, एका ओळखीच्यांचं. त्यांनी उठून दार लावून घेतलं आणि मला चहा दिला. म्हणाल्या, काहींच्या बाबतीत नुसतं लक्ष ठेवलं तरी भागतं, आम्हीच त्यांना घाई करू नका म्हणतो. पण ज्यांना शस्त्रक्रिया करा असं स्पष्ट सांगितलंय त्यांनी वेळ काढू नये, कारण आज ते जिथल्या तिथे आहे आणि उद्या तसंच राहील याची हमी कुणी देत नाही. वेळेत आलेली माणसं बहुतेक सगळी नातवंडं खेळवतात, म्हणाल्या. त्यांना काळजी असते ती रिपोर्ट घेऊन गप्प होणाऱ्यांची. अशांना त्या स्वतः फोन करतात, आणि ती माणसं फोन उचलत नाहीत.

तेव्हा तुझ्या शेऱ्यांना उत्तरं. आपली पद्धतच आहे, शेरा आला की उत्तर द्यायचं. बहुतेक म्हणजे किती? सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांनाच. खोकला, शिंक आली, जड उचललं की थेंब सुटतात. पॅड लावावं लागतं. काही महिन्यांत बहुतेकांचं आटोक्यात येतं, व्यायाम केले तर लवकर येतं. थोड्यांचं कायम राहतं. तू त्या थोड्यांत निघालास तर? निघालास तर आपण काळ्या पँटी घेऊ. लेक पोटात असताना शेवटचे दोन महिने मी शिंकले की काय व्हायचं ते तुला ठाऊक आहे, आणि तू हातपुसणं घेऊन गुपचूप फरशी पुसायचास, मला लाज वाटू नये म्हणून शिट्टी वाजवत. आता शिट्टी मी वाजवेन. मला सूर नाही, ते तुला सोसावं लागेल.

आणि कोपऱ्यातला प्रश्न. पूर्वीसारखं होतं का? डॉक्टरीणबाईंनी खरं सांगितलं, मीही खरंच सांगते. काहींचं होतं, पण वेळ लागतो, वर्ष, दोन वर्षं. औषधं असतात, इतर उपाय असतात. काहींचं थोडंफार होतं. काहींचं होत नाही. तुझं काय होईल ते शस्त्रक्रियेआधी कुणी ठामपणे सांगू शकत नाही. आकडा मागू नकोस, आकडा आहे, मी तुला आल्यावर दाखवेन, पण तुला आकड्याची भीती नाहीये हे मला कळतं. तुला माझी भीती आहे. तुला वाटतं मी तुझ्याशी चांगलं वागेन, समजूतदारपणे वागेन, आणि रात्री तोंड फिरवून झोपेन. म्हणून तू आधीच बैठकीच्या खोलीत जाऊन झोपलास.

ऐक. माझं गर्भाशय काढलं तेव्हा मी इस्पितळातून घरी आले आणि तुला म्हटलं की आता मी बाई म्हणून संपले. तू काही गोड बोलला नाहीस, तुला ते येतच नाही. तू पलंगाच्या कडेला बसून पेपरच्या कोऱ्या भागावर एक इमारत काढलीस, खांब, तुळया, सगळं. त्यातली एक भिंत खोडलीस आणि मला गंभीरपणे समजावून सांगितलंस की या भिंतीवर भार नव्हता, ती काढली तरी इमारत उभी आहे. बायकोच्या पोटाचे टाके ओले असताना कुणी असं बोलतं का? मी इतकी हसले की टाके ओढले गेले आणि तू घाबरून पाणी आणायला पळालास. मग रोज संध्याकाळी माझी वेणी घालायचास, कारण मला हात वर करता येत नव्हते. वाकडी, दोरखंडासारखी वेणी. त्या महिन्यात मला जेवढं वाटलं की मी कुणाची तरी बायको आहे, तेवढं लग्नाच्या पहिल्या वर्षातही वाटलं नव्हतं. मला तुझ्या त्या हातांची ओढ आहे, मास्तर. अंगाचीही आहे, खोटं कशाला बोलू, या वयातही आहे. त्यातलं काही कमी झालं तर मला वाईट वाटेल, आणि ते मी तुला सांगेन, आणि आपण दोघं मिळून वाईट वाटून घेऊ. पण तू नसलास तर मी काय करू? तुझ्याशिवाय मला जगायचं नाहीये, एवढी साधी गोष्ट आहे ही.

लेकीला मी काही सांगितलेलं नाही. ते तू सांग, किंवा आपण दोघं मिळून सांगू. तुझ्या साहेबांनाही खरं कारण कळवायची गरज नाही, घरची अडचण म्हण, आणि ती खोटी नाहीच. त्या केबला दुसरा कुणीही ओढेल.

एक गोष्ट मी लेखात घेतली नाही, कारण तशी रेकॉर्डिंग अगदी थोडी आहेत. जे पुरुष एकटे आले ते गोल गोल फिरत राहिले. काही जण मात्र कुणाला तरी घेऊन आले होते, कुणी बायकोला, कुणी भावाला, एकाबरोबर तर शेजारी आला होता. यांचं गुडघा, हवापाणी चालू असतं आणि मग त्या सोबतच्या माणसाचा धीर सुटतो आणि तो मधेच बोलून टाकतो, अहो यांना रक्त जातंय आणि हे सांगत नाहीयेत. पहिल्यांदा मला वाटलं, आता हा माणूस चिडणार. एखादा चिडतोही. पण थोड्या वेळाने तो बोलायला लागतो, कधीपासून, किती, रात्री झोप कशी लागत नाही, मरणाची भीती कशी वाटते, सगळं, आणि मग डॉक्टरीणबाईंना त्याला थांबवता येत नाही. मी ती रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकली. घशात अडकतं ते पहिलं वाक्य, आणि ते कुणीही म्हटलं तरी चालतं. तू एकटा गेलास. तुझ्याबरोबर ते म्हणायला कुणी नव्हतं, आणि घरी येऊनही तुला ते म्हणता आलं नाही. एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसले, आणि इतकी पानं झाली तरी माझीही जीभ उचलत नव्हती. तर आता म्हणते. तुला कॅन्सर झालाय आणि तू घाबरलायस. मीही घाबरलेय. मी रजा टाकलीय, शनिवारी सकाळच्या गाडीने तिकडे येतेय, तुझं सामान बांधू आणि बरोबरच परत येऊ. सुरुवात कशी करायची याचा विचार करत बसू नकोस, ती झालीय. मी आले की तू फक्त पुढचं सांग.

अजूनही आणि अखेरपर्यंत तुझीच,

ठोंबी